मार्थाबाईंच्या घरची सभा

आमच्या मंडळीत घरं जेमतेम पंचवीस. आमगावपासून थोडं आत, धानाच्या बांध्यांच्या मधोमध आमचं चर्च. उपासना सुटली, दोन माणसं पायरीवर चपला घालायला वाकली, की एक किस्सा तयार होतो. चपला घालून सरळ उभी राहीपर्यंत दुसरा! मी बंगळुरूला चार वर्षं धर्मशास्त्र शिकून आले. पण नम्रता, श्रीमंती आणि गरिबी या विषयांवरचं माझं खरं शिक्षण सुरू झालं ते इथे, या पायरीवर.

* * *

परत आल्याबरोबर पाळकसाहेबांनी मला संदेश द्यायला सांगितला. मी विषय घेतला, 'श्रीमंतांचा गर्व आणि गरिबांचा मान'. खोटं कशाला बोलू, गर्व म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता: योसेफकाका. राईस मिल, दोन ट्रॅक्टर, आणि चर्चमधल्या सहाही पंख्यांच्या पात्यांवर त्यांच्या वडिलांचं नाव! पंखा फिरला की नाव दिसत नाही, म्हणून काका भर उन्हाळ्यात मधूनच पंखे बंद करायला लावतात, असं लोक सांगतात.

मी पंचेचाळीस मिनिटं बोलले. घसा बसला. बाहेर आल्यावर काकांनी माझे दोन्ही हात धरले.

"पोरी, एकदम करेक्ट बोलली! माह्या साडूले बोलवायला पाहिजे होतं आज. कामठ्याले राहते. लय घमंड आहे त्याले पैशाचा!"

मी गार! तेवढ्यात मार्थाबाई आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. लोकांच्या बांध्यांत रोवणी करायच्या आणि दर शनिवारी चर्च झाडायच्या, तेही स्वतःहून. गरिबांचा मान म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर त्याच होत्या. त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या,

"लय चांगलं सांगितलं, बाई. त्या गरीब लोकाईसाठी आपण काही तरी केलं पाहिजे!"

* * *

पुढचा संदेश नम्रतेवर. कुठेही गेलात तर शेवटची जागा घ्या, असं मी कळकळीनं सांगितलं. परिणाम पुढच्याच रविवारी दिसला. समोरची सहा बाकं रिकामी, आणि मागच्या तीन बाकांवर अख्खी मंडळी कोंबलेली! कोणता खांदा कोणाचा, ते कळेना. पाळकसाहेबांनी तीनदा पुढे बोलावलं, पण एवढी मिळवलेली मागची जागा कोण सोडतो?

योसेफकाका उशिरा आले. दोनदा मागे पाहिलं, खाकरले, आणि पहिल्या बाकावर एकटे बसले. सगळी उपासना तशीच! सुटल्यावर घाम पुसत म्हणाले,

"काय मंडळी आहे यार! नम्र लोकाईनं माह्यासाठी एक जागा नाही सोडली!"

* * *

उपासाच्या प्रार्थनेत एकदा चर्चचा कारभार पाहणारे आमचे एक पंच उभे राहिले. छातीवर हात ठेवून म्हणाले,

"या मंडळीत सगळ्यात नालायक माणूस कोणी असन, तर तो मी."

दुसरे पंच ताडकन उठले. "तुम्ही काऊन? मी तर तुमच्या आधीपासून आहो इथं!"

पाळकसाहेबांनी डोळे मिटलेलेच ठेवले. म्हणाले, "दोघंही बसा. सीनिऑरिटी नंतर पाहू."

* * *

दर शनिवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थना सभा असते. वर्षाच्या सुरुवातीला यादी लागते, त्याप्रमाणे घरं फिरतात. आधी गाणी, मग संदेश, प्रार्थना, आणि शेवटी ज्याचं घर, त्याच्याकडून नाश्ता. एका शनिवारी चर्च झाडता झाडता मार्थाबाईंनी मला विचारलं,

"बाई, माह्या घरी कधी ठेवता सभा?"

मी यादी पाहिली. नाव नव्हतं. मागच्या वर्षीच्या यादीत नव्हतं, त्याच्या आधीच्यातही नव्हतं.

"अकरा वर्षांपासून विचारून राहिली मी. पाळकीणबाई म्हणतात, तुला कायले तरास, मार्था? त्याहिले वाटते, माह्यावर बोजा पडन."

त्या झाडूकडे बघत बोलत होत्या. मला रात्रभर चैन पडलं नाही. शेवटच्या माणसाला पहिली जागा नसेल, तर चर्च कशाला हवं? मी पंचांच्या मीटिंगमध्ये ठराव मांडला: यापुढे सभेला फक्त कोरा चहा. बाकी काही नाही. म्हणजे कोणालाही सभा घेता येईल! ठराव पास झाला.

पहिली पाळी योसेफकाकांची. आम्ही गेलो. कोरा चहा आला, आणि खरंच दुसरं काहीच आलं नाही. मला भरून आलं. पण काकू आतल्या दारात रडायच्या बेतात उभ्या होत्या. आम्ही निघालो, तर काका फाटकाशी उभे! प्रत्येकाच्या हातात एक गरम पाकीट. आत खिम्याचे समोसे, वर दोन अनारसे.

"काका, ठराव!"

"ठराव सभेचा आहे ना, पोरी? सभा तर संपली. हे रस्त्यासाठी आहे!"

माझं घर त्यांच्या घरापासून सहावं.

* * *

आणि मग यादीत मार्थाबाईंचं नाव लागलं.

तो आठवडा मंडळीला प्रेमाचं भरतं आलं. पाळकीणबाईंनी साखर पाठवली. मी दूध नेलं. योसेफकाकांनी चर्चच्या दारातूनच हाक मारली, "मार्थे, पिकअपमध्ये खुर्च्या पाठवून राहिलो! आणि माहा स्वयंपाकी पण येईन!"

साखर परत आली. दूध परत आलं. पिकअप खुर्च्यांसकट परत आला. स्वयंपाकी तर गाडीतून खाली उतरलासुद्धा नव्हता.

शनिवारी संध्याकाळी सहाला आम्ही पोचलो. शेणानं ताजं सारवलेलं अंगण, त्यावर चटया. शेजारणीकडून मागून आणलेली सतरंजी पाळकसाहेबांसाठी. अंगणात एरवी पायात येणाऱ्या तीन कोंबड्या त्या दिवशी कुठेच दिसल्या नाहीत.

गाणी झाली. मी संदेश पाचच मिनिटांत आटोपला. मग पाळकसाहेबांनी हात वर करून प्रार्थना सुरू केली.

"हे प्रभू, या तुझ्या गरीब, निराधार, दुःखी विधवेच्या झोपडीवर…"

"आमेन!" मार्थाबाई म्हणाल्या. खणखणीत.

सवयीनं सगळी मंडळी म्हणाली, "आमेन!"

संपली प्रार्थना! पाळकसाहेबांचे हात वरच राहिले.

"चला, हात धुवा," मार्थाबाई म्हणाल्या. "भात थंडा होऊन राहिला."

भात? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आत दोन मोठी पातेली होती. एकात भात, दुसऱ्यात गावठी कोंबडीचा रस्सा. मी पुढे होऊन हळूच म्हणाले, "बाई, आपण तर फक्त चहा ठरवला होता…"

"तुम्ही ठरवला," त्या म्हणाल्या. "मले कोणी विचारलं?"

खरी गंमत पुढेच! चहाबरोबर काही केलंच, तरी मार्थाबाईंवर भार नको, म्हणून मी घरून पोटभर जेवून आले होते. माझी आईसुद्धा. पत्रावळीवर पहिला भात पडला आणि पाळकीणबाईंचा चेहरा पाहून कळलं, त्याही. दोन्ही पंच, तेही. अख्खी मंडळी दुपारी चारलाच जेवून आली होती! कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी आपापल्या घरी, आपापल्या दयेनं!

सगळे मान खाली घालून जेवत होते.

योसेफकाका चटईवर मांडी घालून बसले, तेव्हाच गुडघ्यांनी तक्रार केली होती. कसाबसा त्यांनी पहिला भात संपवला. शर्टाचं खालचं बटण सुटलं. मग त्यांनाही काहीतरी आतून वाटलं असावं. त्यांनी स्वतःची पत्रावळ उचलली, शेजारच्यांची उचलली, आणि टाकून येण्यासाठी उठायला लागले.

मार्थाबाईंनी पत्रावळी त्यांच्या हातातून काढून घेतल्या.

"खाली बसा. हे काम घरवाल्याचं असते. तुम्ही पाहुणे आहा."

काका बसले.

नवी पत्रावळ समोर आली. मार्थाबाई भाताचं पातेलं कमरेवर घेऊन वाकल्या. "वाढू ना?"

काकांनी पातेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. पत्रावळ दोन्ही हातांनी पुढे सरकवली.

"वाढा, ताई."