उजवं वळण

मद्रासला नोकरी लागली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि मुलाखतीत एक खोटं बोललो होतो. औषधांच्या कंपनीला प्रतिनिधी हवा होता. साहेबांनी विचारलं, "मोटारसायकल येते?" मी म्हटलं, "येते." त्यातली सायकल येत होती.

कंपनीने एक वापरलेली, जड, काळी फटफटी दिली आणि लायसन्सही परस्पर काढून दिलं. एका ओळखीच्या मेकॅनिकने मोकळ्या मैदानावर मला ती सुरू करायला, गिअर टाकायला आणि थांबवायला शिकवलं. वळायचं त्याने पुढच्या आठवड्यावर ठेवलं. पुढच्या आठवड्यात त्याचं लग्न ठरलं आणि तो मदुरेला निघून गेला.

मग मी स्वतःच शिकलो. डावं वळण जमलं. रस्त्याची कड धरून, पाय जमिनीला टेकवत, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने डावीकडे वळता येतं. उजवीकडे वळायचं तर समोरून येणारी सगळी वाहतूक ओलांडावी लागते आणि तेही पाय वर घेऊन, गाडी कलती करून. पहिल्याच प्रयत्नात मी भर चौकात आडवा झालो. गुडघा सोलवटला. एक बस थांबली. तिच्यातले प्रवासी एका बाजूला सरकून मला नीट बघून घेईपर्यंत ड्रायव्हरने ती हलवली नाही. त्या दिवसापासून मी उजवीकडे वळणं सोडून दिलं.

हे वाटतं तितकं अवघड नाही. डावीकडे तीनदा वळलं की माणूस उजवीकडच्या रस्त्याला लागतो, फक्त वेळ लागतो. नुंगंबाक्कमच्या डॉक्टरांकडे वीस मिनिटांत पोचता येई, तिथे मला पाऊण तास लागे. जिथे डावीकडून वाटच नसे तिथे मी उतरून, गाडी बंद करून, ढकलत रस्ता ओलांडत असे. एका डॉक्टरांनी दवाखान्याच्या खिडकीतून हे तीन आठवडे पाहिलं. चौथ्या आठवड्यात ते म्हणाले, "तुमच्या कंपनीला एक गाडी नीट ठेवता येत नाही. औषधं काय ठेवणार?" आणि त्यांनी आमचं खोकल्याचं औषध लिहून देणं बंद केलं. गाडी उत्तम आहे, दोष माझ्यात आहे, हे सांगून औषधाची बाजू सावरता आली असती. मी सांगितलं नाही.

मी मैलापूरला एका घरात मागची खोली घेऊन राहत होतो. घरमालकीण पन्नाशी ओलांडलेल्या, विधवा, मूळच्या तंजावरकडच्या मराठी. आळीतले लोक त्यांना मामी म्हणत, मी काकू म्हणे. त्यांची मराठी ऐकताना पहिला महिनाभर मला कोणीतरी बखर वाचून दाखवतंय असं वाटे. मधेच तमिळ शब्द येत आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा वर चढे. त्यांना माझी मराठीही धड वाटत नव्हती. "तुम्ही फार लौकर लौकर बोलतां," त्या म्हणाल्या होत्या. "कोणी पाठीस लागलें आहे कां?"

संध्याकाळी मी सरावासाठी जवळच्या मोठ्या देवळाभोवतीच्या चार रस्त्यांवरून फेऱ्या मारत असे. चार रस्ते, चार कोपरे, सगळी डावी वळणं. आठदहा दिवसांनी एका संध्याकाळी मी परत आलो तेव्हा काकू ओसरीवर उभ्या होत्या.

"फुलवाली येऊन गेली," त्या म्हणाल्या. "ती विचारत्ये, तुमच्या घरीं कोणी मेलें आहे कां?"

"नाही. का?"

"तुम्ही देवास रोज उलटी प्रदक्षिणा घालतां. काल सात घातल्या. तिनें मोजल्या."

माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं, तर चारी वळणं उजवी येतात. मी काकूंना खरं ते सांगून टाकलं. मुलाखतीपासून सुरुवात केली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमचे यजमान कालव्यांच्या खात्यांत होते. मोटारसायकलीवरून कालवे पाहत हिंडायचे. बावीस वर्षें मी मागें बसल्यें."

मी विचारलं, "ते... मोटारसायकलवरूनच?"

"नाही. झोपेंत गेले. मोटारसायकलीवरून ते कधीं पडले नाहीत. पलंगावरून दोनदां पडले."

पुढच्या रविवारी सकाळी देवळाजवळ वर्दळ सुरू व्हायच्या आत काकू माझ्या मागे बसल्या. नऊवारी असल्यामुळे त्या दोन्हीकडे पाय टाकून बसल्या, पुरुषासारख्या. मी त्यांच्याकडे आणि त्या माझ्याकडे न बघता आम्ही निघालो. पहिला उजवा कोपरा आला. मी त्या कोपऱ्यावरच्या भिंतीकडे बघत बघत सरळ भिंतीकडे गेलो आणि दोन हातांवर थांबलो.

"भिंतींत काय आहे?" काकूंनी मागून विचारलं.

"काही नाही."

"मग तिकडे कां पाहतां? जेथें डोळा तेथें चाक. जायचें तेथें पाहा."

दुसऱ्या कोपऱ्यावर मी जायचं तिथे पाहिलं. पण ऐन वळणात घाबरून ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. "भीति वळणाच्या आधीं काय ती उरकून घ्यायची," काकू म्हणाल्या. "वेग आधीं कमी करायचा. वळणांत शिरल्यावर घाबरायास वेळ नसतो." तिसऱ्या कोपऱ्यावर त्या स्वतः उजवीकडे कलल्या. मी तितकाच डावीकडे कललो. गाडी बिचारी दोघांच्या मध्ये ताठ राहिली आणि सरळ शहाळ्यांच्या ढिगात गेली.

लागलं कोणालाच नाही. शहाळीवाला झोपला होता, तो उठला. एक शहाळं रस्ता ओलांडून पलीकडे गेलं, तो ते आणायला गेला. काकूंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "शहाळ्यांकडे पाहत होतां."

असे चार रविवार गेले. मला कोपरे पाठ झाले, पण मोटारसायकल वाकायला लागली की माझं शरीर आपोआप ताठ होई. मी खांदे सैल सोडायचं ठरवी, खांदे ऐकत नसत. काकू मागून सांगत, मी 'हो' म्हणे, आणि प्रत्येक वळण चौकोनी होई. फुलवाली आता आम्हांला बघून हात जोडू लागली होती. देवाला की आम्हांला, हे मी विचारलं नाही.

पाचव्या रविवारी काकू गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज तुम्ही मागें बसा."

"आणि चालवणार कोण?"

"मी."

त्यांच्या यजमानांनी त्यांना कालव्याच्या बांधावर चालवायला शिकवलं होतं, पहाटे, माणसं शेतावर यायच्या आधी. माहेरी कोणाला ठाऊक नव्हतं, सासरीही नव्हतं. शेवटची चालवली त्याला नऊ वर्षं झाली होती. हे सगळं त्यांनी कासोटा घट्ट खोचता खोचता सांगितलं. मग एका लाथेत गाडी सुरू केली. मला सहसा पाच लागत.

आम्ही कचेरी रोडने समुद्राकडे गेलो आणि डावीकडे वळून किनाऱ्याच्या रस्त्याला लागलो. सूर्य नुकताच वर आला होता. कोळी जाळी ओढत होते, ते ओढायचे थांबले. मी एका पन्नाशीच्या नऊवारीतल्या बाईच्या मागे औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो आणि हात कुठे धरावेत ते मला कळत नव्हतं. शेवटी मी सीटखालची दांडी धरली.

थोडं पुढे गेल्यावर रस्ता रिकामा बघून त्या परत फिरायला उजवीकडे वळल्या. गाडी कलली. मी सवयीप्रमाणे डावीकडे ताठ झालो, आणि मला एकदम जाणवलं की गाडी अडखळली. पुढे काकूंच्या खांद्यांना ते सावरून घ्यावं लागलं.

"मागें मुसळासारखे बसूं नका," त्या न वळता म्हणाल्या. "मी जाईन तिकडे या."

त्या पुन्हा फिरल्या आणि पुन्हा वळल्या. दुसऱ्यांदा मी त्यांच्या उजव्या खांद्यावरून पुढे पाहिलं आणि अंग सोडून दिलं. रस्ता तिरका झाला, समुद्र तिरका झाला, आणि आम्ही दोघे आणि ती जड गाडी एकाच बाजूला, काही न घडता, वळून गेलो. इतके दिवस मी गाडी पडेल म्हणून तिला उभी धरत होतो. ती पडत नव्हती. कललेली असताना ती उलट जास्त शांत होती. हे मला आधी दहा वेळा सांगून झालं होतं. कळलं ते तेव्हा.

तेवढ्यात शिट्टी वाजली. एक पोलीस शिपाई रस्त्याच्या मधोमध उभा होता. काकूंनी गाडी त्याच्या बुटांपाशी अलगद थांबवली. त्याने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे आणि मग नंबर प्लेटकडे पाहिलं. कोणता गुन्हा लावावा हे त्याला ठरवता येत नसावं.

"लायसन्स?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

"त्यांचं आहे," काकूंनी मागे बोट दाखवलं.

तो माझ्याकडे वळला. "मग तुम्ही का चालवत नाही? येत नाही?"

"येते," मी म्हटलं. या वेळी खोटं बोलायचा धीर झाला नाही, म्हणून पुढे म्हटलं, "उजवीकडे येत नाही."

शिपायाने थोडा विचार केला. मग काकूंना म्हणाला, "अम्मा, तुम्ही उतरा. हे चालवतील. इथून दिसताय तोवर मी बघतो."

आम्ही जागा बदलल्या. कचेरी रोडला परत जायचं तर उजवं वळण होतं, आणि ते त्याच्या नजरेच्या टप्प्यात होतं. एक बैलगाडी समोरून येत होती, ती जाऊ दिली. वेग आधीच कमी केला. रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या चहावाल्याच्या टपरीकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि टपरीपलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं. काकू माझ्याआधी कलल्या की माझ्याबरोबर, ते आठवत नाही. आम्ही वळलो. मागून शिट्टी वाजली नाही. घरी उतरल्यावर काकू म्हणाल्या, "सरी, ठीक. आतां कॉफी घेऊं."

नंतरच्या आठवड्यात मी नुंगंबाक्कमला सरळ वाटेने गेलो. डॉक्टर खिडकीत होते. "गाडी दुरुस्त झाली वाटतं," ते म्हणाले. मी हो म्हटलं. आमचं औषध त्यांनी दिवाळीनंतर पुन्हा लिहायला सुरुवात केली, पण त्या वर्षी खोकलाही बराच होता.

काकूंनी पुन्हा गाडी मागितली नाही. मी दोनदा विचारलं. "चालवून पाहायचें होतें, पाहिलें," एवढंच म्हणाल्या. मात्र थंडीत त्यांनी मला चेंगलपेटला त्यांच्या बहिणीकडे सोडायला सांगितलं. मद्रासबाहेरचं तांबरम मागे पडून बराच वेळ झाला की चेंगलपेटच्या अलीकडे तळ्याच्या काठाने रस्ता लांबलचक उजवीकडे वळतो. ते वळण मी जसं घेतलं तसं त्याआधी आणि त्यानंतरही कधी घेतलं नाही. एकदाही ब्रेक नाही, एकदाही ताठ होणं नाही, तळं एका बाजूने सावकाश फिरत गेलं. काकू मागून काहीतरी म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो.

बहिणीच्या दारात उतरताना मी न राहवून विचारलं, "तळ्याचं वळण कसं झालं?"

"कोणतें तळें?" काकू म्हणाल्या. "तांबरम गेलें आणि मला झोप लागली."