तुळशीमागचा मिठाचा खड्डा

मुलांनो, परवाच्या फोटोत तुळशीमागे दिसला तो लोखंडी पाइप कसला, असं तुम्ही दोघांनी विचारलंत. गवंडीही अंगणात फरशी बसवताना तो कापू म्हणतोय. म्हणून आजच लिहिते.

तुमच्यातल्या मोठीच्या वेळी तुमची आई बाळंतपणाला इथे शहापूरला आली. त्याआधी आजोबांनी भातसानगरहून बदली होऊन जाणाऱ्या ओळखीच्यांचा जुना गिझर आणला. त्याच्या वायरीतली अर्थिंगची, म्हणजे पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी, हिरवी तार कोणीतरी कापून टाकली होती.

"काय नाय होत, काकू," गिझर बसवायला आलेला वायरमन म्हणाला. "सगल्यांकडं असाच चालतो."

गिझरवरच्या पट्टीवर इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं, अर्थिंगशिवाय वापरू नये. मी ते त्याला मराठीत करून सांगितलं आणि गिझर भिंतीवर चढू दिला नाही. शेवटी त्याने तुळशीमागे छातीइतका खड्डा खणला, मधोमध पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं आणि तिथून गिझरपर्यंत तार आणली. माती सुकली की अर्थिंग कामाचं राहत नाही, म्हणून दर शनिवारी मी पाइपात बादलीभर पाणी ओतू लागले.

बाळाला न्हाऊ घालायला सापगावची एक मावशी यायची. मिठाचं रिकामं पोतं बघून ती म्हणाली, "वैनी, दिष्ट काढली तर मीठ चुलीत टाकतात. पोतंभर पुरतात काय?"

मी समजावलं, तरी तो दिष्टीचाच खड्डा, असं आळीभर झालं. बायका ती जागा ओलांडेनात. मावशी तर दर शनिवारी हसायची, "नातीच्या आधी खड्ड्याची आंघोळ!"

एका सकाळी ती बाळाला पायांवर घेऊन बसली होती, एक हात गिझरच्या पितळी नळावर. फट्ट आवाज झाला आणि वीज गेली. फ्यूज उडाला होता. वायरमनने गिझर उघडला. आतली कॉइल फुटून करंट गिझरच्या पत्र्यात उतरला होता.

"अर्थिंग नसतं तर मावशीचा हात चिकटला असता," तो म्हणाला. बाळ तर तिच्या पायांवर होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार नव्हता. तरी मावशीने आल्याआल्या बादली भरली आणि खड्ड्यावर ओतली. "हसू नका, वैनी," म्हणाली.

इंग्रजी शिकून काय केलंत, असं कोणी विचारलं की मी हेच सांगते.

त्यानंतर गिझर दोनदा बदलला. फरशी पाइपाभोवतीच कापायची, असं गवंड्याला बजावलं आहे. पाइप आहे तिथेच आहे, आणि दर शनिवारी मी त्यात पाणी घालते.