कोकमाच्या पेटीतली चौथी बाटली

अन्याय झाला तो उस्मान मुकादम यांच्यावर. रमजानच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, सौदी अरेबियात, जिझानहून खमीस मुशैतला चढणाऱ्या घाटातल्या चेकपोस्टवर. मी मागच्या सीटवर होते, पंधरा वर्षांची, कानात इअरफोन. त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा, सहा आठवड्यांपूर्वी, रत्नागिरीहून चाचांच्या मुलीचा फोन आला, "अब्बा गेले. तुझ्या पप्पांना सांग, आता काळजी नको." मी सांगितलं. पप्पा म्हणाले, "अरेरे..." आणि टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.

उस्मानचाचा आमचे ड्रायव्हर. पप्पा जिझानच्या रिफायनरीत इंजिनीअर. कंपनीनं गाडी दिली, गाडीबरोबर चाचा. दर सुट्टीहून येताना चाचीनं केलेलं कोकम आगळ आणायचे, सरबताच्या जुन्या बाटल्यांत, तोंडाला फडकं बांधून. "घे बाय, हिकडच्या उन्हावर ह्योच उतारा." पप्पांचं पेय वेगळं. एका फ्रेंच सहकाऱ्यानं त्यांना बाटली दिली होती : दोन भाऊ आणि त्यांची आई, एवढ्यांच्याच छोट्या द्राक्षमळ्यातली रेड वाइन, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. जुनी वाइन कशी मुरते, यावर पप्पा गाडीत व्याख्यान द्यायचे. चाचा हसायचे. "सायब, जुना झाला की मानूस आंबतो, मग तुमचा ता पानी ग्वाड कसा व्हतो?"

त्या देशात अशी बाटली सापडली तर तुरुंग, हे पप्पांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी कोमट पाण्यात भिजवून लेबल सोडवलं, वाळवून फाइलीत ठेवलं, आणि बाटली चाचांच्या कोकमाच्या पेटीत घातली. ती पेटी चाचा खमीसमधल्या एका कोकणी दुकानदाराला भेट द्यायला नेत होते. पप्पांचे पाच मित्र तिथेच एका बंगल्यात वाट बघत होते. चाचांना कुणी विचारलं नाही. आणि एवढा हुशार इंजिनीअर, लेबल काढलं, पण बूच विसरला! पोलिसानं तीन फडकी सोडून वास घेतला. चौथ्या बाटलीला बूच होतं.

पप्पांनी अरबीत सांगितलं, पेटी ड्रायव्हरची. मग मराठीत, हळू आवाजात, "उस्मान, आत्ता हो म्हण. दोन दिवसांत सोडवतो." चाचांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी एक इअरफोन काढला होता, मला सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, "पोरीला आधी घरी पोचवा, सायब." आणि उतरले. मी तोंड उघडलं नाही. पप्पांनी गाडी वळवली, वाटेत मला बर्गर घेऊन दिला, आणि मी तो खाल्ला.

दोन दिवसांचे कोठडीत चौदा महिने झाले. इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, रद्द, नोकरी खलास, थेट विमानात बसवून परत. हज केलेला माणूस, सुट्टीत आला की गावच्या मशिदीत अजान द्यायचा. आता पोरं मागून ओरडायची, "हाजी बाटलीवाले!" अजान बंद झाली. चाचांनी पप्पांकडे एकच गोष्ट मागितली : मशिदीचा कारभार बघणाऱ्या गावच्या जमातीच्या नावे चार ओळींचं पत्र, बाटली माझी होती, एवढंच. पप्पांनी लिहिलं नाही. मी भांडले तर म्हणाले, "आता जुनं कशाला उकरतेस? त्याला पैसे पाठवलेत मी." ते पैसे चाचांनी परत केले होते. निवृत्तीच्या पार्टीत पप्पांनी पुण्यात त्याच मळ्याची वाइन उघडली. "लगेच प्यायची नसते," पाहुण्यांना सांगत होते, "तासभर मोकळी ठेवायची, वारा लागू द्यायचा." चाचा त्या कोठडीतून छातीचं दुखणं घेऊन आले होते. शेवटी उशाला तीन उशा लावूनही त्यांना वारा पुरत नव्हता...

ते लेबल आता माझ्यासमोर आहे. पप्पांच्या फाइलीतून मी चोरलं. छोटं दगडी घर, वेलींच्या रांगा, खाली त्या कुटुंबाचं नाव. त्यांनी आपल्या बाटलीवर आपलं नाव छापलं. आम्ही आमच्या बाटलीवर उस्मानचाचांचं चिकटवलं.

खमीसच्या बंगल्यातले तुम्ही पाचही जण आज पुण्यात आहात, आणि हे ज्यात छापून येतंय ती पेपरची पुरवणी तुमच्या घरी येते. येत्या शुक्रवारी, जुम्म्याची नमाज सुटताना, चाचांच्या गावच्या मशिदीच्या दारात या. मी लेबल घेऊन उभी असेन, आणि आधी माझं सांगेन. मग तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, बाटली कुणाची होती. पप्पा, तुम्हीसुद्धा.