ओल्या दोरीचं माप

संगीताचा फोन आला तेव्हा मी सुधाकरवर चिडलेलीच होते. वाटलं, नवऱ्याची बाजू घ्यायला केला असेल. ती म्हणाली, "ताई, हे गेले..." मी फणकाऱ्याने विचारलं, "कुठं?" त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

सुधाकर माझा धाकटा भाऊ. लाखनीत हायवेला लागून त्याचं वेल्डिंगचं दुकान. गुडघे गेले, माझी स्कूटी सुटली, आणि चार वर्षं मी आमच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, पाय ठेवला नव्हता. वाटेत नहरावर एवढासा पूल, त्यावरून मोटार जात नाही. "यंदा धानाच्या रोवण्याले तुले नेतोच," म्हणाला आणि भंगारातून माझ्यासाठी छोटी गाडी करायला बसला. इंजिन जुन्या स्कूटरचं, पुढचा एक्सल मोडीत निघालेल्या मोटारीचा. तो रुंद, म्हणून मधून कापून पुलाच्या मापाने आखूड करायचा. त्याने कापला, जोडला, पण दोन्ही चाकं जोडणारा स्टिअरिंगचा दांडा कापायचा विसरला. एक चाक भंडाऱ्याकडे बघतंय, दुसरं साकोलीकडे! मी पोट धरून हसले, तोही हसला. दांडा नीट केला, गाडी पुलापाशी नेली, मला ऐटीत बसवलं... आणि गाडी अडली. दोन बोटं जास्त. पठ्ठ्याने पुलाचं माप नहरात भिजलेल्या अंबाडीच्या दोरीने घेऊन गाठ मारली होती.

"ओली दोरी आखडते ना ताई. घरी वाळली अन् लांबली."

"मंग टेप कायले ठेवला दुकानात? पूजा कराले? लोकं हसून राहिले माह्यावर! नाही बसत मी तुह्या डबड्यात."

शेजारच्या बांधीतल्या बाया ऐकत होत्या. पुढचे आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्या आठ दिवसांत त्याने एक्सल पुन्हा उतरवला, कापला, जोडला, चढवला. जेवणाचंही भान नव्हतं म्हणे. आणि एका सकाळी दुकानातच छातीत कळ आली... तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. गुडघे ठणकतात तरी घरभर येरझाऱ्या घालते. चुकलं रे, एवढंच म्हणायचं होतं. ते आता कोणाला म्हणू?

गेल्या आठवड्यात रोवणा लागला. संगीता दारात आली. "बसा ताई. त्यायनं तुमच्यासाठीच केली." मी बसले. ती मागून चालत आली. पुलावर दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडून चाकं सरळ पार झाली. चिखलात वाकलेल्या बाया उठून बघू लागल्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गाडीतच बसून मी धानाच्या रोपांचे हिरवे पऱ्हे डोळे भरून पाहिले, रडले, दोन बायांना उगाच रागावलेही.

परतायची वेळ झाली. धुरा गाडीपुरताच, वळायला जागा नाही. मी इकडचा दांडा ओढ, तिकडचं बटण दाब, असं करत राहिले. शेवटी संगीताला विचारलं, "मागं कशी घ्यायची ही?"

"स्कूटरच्या इंजिनले रिव्हर्स कुठून राहीन ताई?" ती म्हणाली. "ते म्हनत, 'ढकलाले मी आहो ना.'"