अंदमानात काढलेला दुखवटा

“भाऊ, मना तिकीट काढी द्या. माले घर जानं शे.”

अक्का बॅग भरून रिसेप्शनसमोर उभ्या होत्या. सकाळचे नऊ वाजले होते. बेटावरून पोर्ट ब्लेअरला परतणारी बोट दुपारी होती.

मी जळगावच्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर आहे. जानेवारीत जळगावजवळ असोद्याला शेकोट्या पेटतात आणि अंदमानात माणसं पंखा लावून झोपतात, म्हणून आमची ही टूर हिवाळ्यात भरते. तिच्यात एक ‘लीझर डे’ असतो. म्हणजे काहीही कार्यक्रम नसलेला दिवस. आमच्या मंडळींना तो पटत नाही. त्या दिवशीही सगळे सहा वाजता अंघोळ करून लॉबीत बसले होते.

“गाडी कधी येते?”

“आज गाडी नाही. आज आराम.”

“आराम घरी नव्हता का?”

शेवटी कुरकुरत सगळे समुद्रावर गेले. तिथेच ते घडलं.

अक्का असोद्याच्या. माहेर पारोळ्याचं. त्यांचे यजमान, आबा, गेल्या चैत्रात गेले. तेव्हापासून त्या नीट जेवत नव्हत्या, म्हणून धाकट्या भावाने, नानांनी, त्यांना जवळजवळ ओढूनच टूरवर आणलं होतं. अक्का गुडघाभर पाण्यात उभ्या असताना लाटेने त्यांची एक चप्पल नेली. दुसऱ्या लाटेने परत आणून दिली. अक्का हसल्या. खूप हसल्या. नानांना इतका आनंद झाला की त्यांनी व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

पंधरा मिनिटांत तो व्हिडिओ असोद्याला पोचला आणि अक्कांच्या मोठ्या जावेचा फोन आला. आमच्याकडे नवरा गेला की बाई वर्षभर सण करत नाही, लग्नाला जात नाही. जाऊबाई म्हणाल्या, “वर्षश्राद्धाला कोणत्या तोंडाने बसशील?”

अक्कांना उरलेलं आयुष्य त्याच घरात, त्याच माणसांत काढायचं होतं. म्हणून बॅग.

मी ऑफिसला फोन लावला.

“त्यांना एकटीला पाठवा,” साहेब म्हणाले. “कोलकात्याला विमान बदलताना मदतीला माणूस मिळेल.”

“त्या पहिल्यांदाच विमानात बसल्यात, साहेब.”

“मग समजूत काढा. तुमचं कामच ते.”

समजूत काढणं मला जमत नाही. मी अक्कांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, “अक्का, माहेरच्यांनी दुखवटा काढला का?”

दुखवटा काढणं म्हणजे माहेरच्यांनी बहिणीला घरी न्यायचं, गोड जेवू घालायचं, नवी साडी द्यायची. मग तिला पुन्हा माणसांत मिसळता येतं. अक्कांनी नकारार्थी मान हलवली. आबा गेले तेव्हा नाना ऑपरेशन होऊन पडून होते. ते राहूनच गेलं होतं.

नाना खांबाआड उभे होते. जाऊबाईंचा फोन आल्यापासून त्यांनी बहिणीकडे पाहिलं नव्हतं. आता ते पुढे आले.

“अक्का, आज काढू.”

“आठे? पारोळ्याचं घर कुठं शे आठे?”

“जठे भाऊ, तठे माहेर. बस गुपचूप.”

मी किचनमध्ये गेलो. बंगाली आचाऱ्याला दुखवटा काही समजावता आला नाही. “घरातलं काम आहे, रव्याचा शिरा हवा,” एवढंच सांगितलं. त्याने काजू जास्त घातले. नानांनी पोर्ट ब्लेअरला बायकोसाठी घेतलेली साडी बॅगेतून काढली. टूरमधल्या बायकांनी अक्कांना पाटाऐवजी बीचच्या खुर्चीवर बसवून ओटी न भरता नुसती साडी हातात दिली. नानांनी पहिला घास भरवला. अक्का रडत रडत जेवल्या, पण पुरतं ताट जेवल्या.

त्याचाही फोटो घरच्या ग्रुपवर गेला. खाली नानांनी लिहिलं, ‘अक्काचा दुखवटा काढला.’

असोद्याहून काही उत्तर आलं नाही. दुपारची बोट गेली. अक्का बोटीत नव्हत्या.

जेवण आटोपल्यावर मी हिशोबाच्या सवयीने जेवणाची पानं मोजत होतो, तेव्हा नाना माझ्यापाशी आले.

“भाऊ, तुमना कोनी काढा का?”

माझी पत्नी श्रावणात गेली. चौदाव्या दिवशी मी टूर घेऊन निघालो होतो. नंतर नातेवाईक घरी आले तेव्हा मी कधी केरळात होतो, कधी राजस्थानात. टूरमध्ये मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. नानांना कसं कळलं, मी विचारलं नाही. मी फक्त “नाही” म्हणालो. त्यांनी आपला नवा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, डोक्यावर स्वतःची टोपी ठेवली आणि शिऱ्याची वाटी पुढे केली. पुरुषांचा दुखवटा असाच काढतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंचा फोन आला. साडीचा रंग बरा आहे म्हणाल्या. येताना मोठा शंख आण, म्हणाल्या.

शंख परवान्याशिवाय विमानात नेता येत नाही, हे मी अक्कांना सांगितलं. त्यांनी शिंपल्यांचं तोरण घेतलं.

दर वर्षी साहेब म्हणतात, लीझर डेला बघायचा एखादा पॉइंट टाका, लोक कुरकुर करतात. मी टाकत नाही. तो दिवस कुणाला कशासाठी लागेल, हे जळगावात बसून ठरवता येत नाही.