फुलावरची फांदी

ती फांदी मी कापली. वाळलेली नव्हती, रोगट नव्हती. फुलावर आलेली होती.

पांढुर्ण्याजवळच्या आमच्या बगीच्यात यंदा संत्र्याचा आंबिया बहार जोरात फुटला. जमीन कोरडी ठेवून दिलेला ताण तोडून पाणी दिलं आणि काही दिवसांत झाडं फुलांनी पांढरी झाली. घरात फोटो काढणारा मी. माझ्याकडे मोठ्या लेन्सचा कॅमेरा आहे. जामसांवलीच्या रस्त्यावरचा पळस टिपायला मी उजाडायच्या आत गेलो होतो. बायकोकडे नुसता फोन, तोही तडकलेला.

तिची आई नदीपलीकडे सावरगावला, अंथरुणाला खिळलेली. सारा जन्म संत्र्यात गेला, आता बगीच्यापर्यंत येणं होत नाही. म्हणून बायकोने विहिरीजवळच्या झाडाची एकच फांदी निवडली आणि रोज सकाळी तिचा फोटो आईला पाठवू लागली. आधी कळ्या, मग फूल, मग फुलात डोकं खुपसलेली मधमाशी. फळ धरेपर्यंत पाठवीन, असं तिने कबूल केलं होतं.

मीही माझा पळस पाठवला. रविवारी भेटायला गेलो तर सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, तुमचा पळस झ्याक आहे. पण माहा जीव त्या फांदीत अटकला."

शेजारीण म्हणाली, "मोठा कॅमेरा हारला न जी, बापू!"

सगळे हसले, मीही हसलो. घरी येईपर्यंत बायकोशी एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या सकाळी ती चहा ठेवत असताना मी कात्री घेऊन गेलो. पाकळ्या मनगटावर पडल्या. कापल्या जागी हाताच्या सवयीने निळी बोर्डो पेस्टही लावली. सल, म्हणजे झाडावरच्या वाळक्या काड्या, काढल्यावर बुरशी लागू नये म्हणून आम्ही लावतो तशी.

"फांदी कुठं गेली?" तिने विचारलं.

"सल होती. काढली."

ती झाडाकडे वळली. मग तिने त्या निळ्या डागाचा फोटो काढला आणि आईला पाठवला. लगेच फोन आला.

"हे निळं काय होय वं?"

"यायनं सल काढली, आई."

"फुलावरच्या फांदीची सल?" म्हातारी म्हणाली, "राहू दे बाई. आता नको पाठवत जाऊ."

त्यानंतर सकाळी बायको बगीच्यात जाईना. फोन खिडकीत पडून असायचा. तिच्या फोटोंवर मी जळत होतो, पण ते बंद झाले तर मला माझा कॅमेराही उचलवेना. चौथ्या दिवशी तिला घेऊन सावरगावला गेलो आणि खाटेजवळ बसलो.

"आई, ती सल नव्हती. तुम्ही हिच्या फोटोची वाट पाहता, माझ्या नाही, हे मला सोसलं नाही. म्हणून कापली."

 त्यांनी लेकीकडे पाहिलं. मीही तिच्याकडे वळलो.

"तुझ्यावर जळून कापली, आणि वरून खोटं बोललो. चुकलो मी. मला माफ कर."