मामांचा ढेकर

समस्त सभ्य मंडळींस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ढेकर ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. काल पंगतीत व्याह्यांनी ढेकर दिला, पोरी खिदळल्या, आणि मी मात्र मनाने स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी नगरच्या एका दवाखान्यात जाऊन पोचलो.

खर्डा गावचे माझे मामा एका बैठकीला सात भाकरी खायचे. त्यांच्या जठरात कर्करोगाची गाठ निघाली आणि पाण्याचा घोटही पोटात ठरेना. डॉक्टर म्हणाले, "गाठीसकट जठराचा मोठा भाग काढू आणि उरलेला आतड्याला शिवू."

मामी पदराआडून म्हणाल्या, "शिवनार? गोधडीवानी?"

"तसंच. फक्त टाका गळता कामा नये."

ऑपरेशन झालं. सहाव्या दिवशी पहिली पेज द्यायची होती. ती खाली उतरली तर माणूस वाचला, एवढं आम्हाला कळत होतं. खोलीत स्पिरिटचा वास होता आणि आवारातल्या नातलगांच्या चुलींचा धूर खिडकीतून येत होता. मामींनी तीन चमचे भरवले. आम्ही सगळे मामांच्या पोटाकडे बघत राहिलो. डॉक्टरसुद्धा.

आज वाटतं, माणसाच्या हातांनी जिवंत पोटात नवी वाट बांधली होती, आणि तिच्यावरून पहिला प्रवासी निघाला होता.

तेवढ्यात मामांनी ढेकर दिला. लांबलचक, खर्ड्याच्या ओसरीवर द्यायचे तसाच.

मामींच्या हातातला चमचा गळून पडला. डॉक्टरांसमोरच त्या ओरडल्या, "अगं बया! पोट कापून नेलं, तरी ढेकर त्योच हाय!"